खाडीकाठची सायकलवाट: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: स. न. वि. वि. मी राजारामपुरीत राहणारी निवृत्त शिक्षिका असून माझे वय 61 आहे. मुलगी आणि जावई अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात राहतात. येत्या जूनमध्ये मी पाच महिन्यांसाठी त्यांच्याकडे जाणार आहे. तिथून ‘ईस्ट बे बाइक पाथ’ नावाची सायकलवाट निघते आणि ती पाण्याच्या काठाने लहान लहान गावांतून जाते, असे मुलगी सांगते. शाळेत असताना मी भाड्याची सायकल चालवत असे. नंतर तीस-पस्तीस वर्षे स्कूटर चालवली, पण सायकलीला हात लावलेला नाही. ही वाट मला झेपेल का, आणि त्याची तयारी कोल्हापुरात कशी करावी?

उत्तर: ताई, ही वाट तुम्हाला झेपेल, आणि नव्याने सायकल धरणाऱ्या माणसाला याहून चांगली वाट मी सुचवू शकणार नाही. काही वर्षांपूर्वी भाच्याकडे गेले असताना मी स्वतः ती दोन-तीन टप्प्यांत केली होती, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ही वाट 14.5 मैलांची, म्हणजे साधारण 23 किलोमीटरची आहे. प्रॉव्हिडन्समधील इंडिया पॉइंट पार्क या बागेपासून निघून ती ईस्ट प्रॉव्हिडन्स, बॅरिंग्टन आणि वॉरन या गावांतून ब्रिस्टल गावच्या धक्क्यावर पोहोचते. डांबरी वाट 10 फूट रुंद आहे आणि तिच्यावर मोटारींना मज्जाव आहे. नकाशात ज्याला नॅरॅगॅन्सेट उपसागर म्हटले आहे तो प्रत्यक्षात आपल्या कोकणातील एखाद्या मोठ्या खाडीसारखा दिसतो. समुद्र जमिनीत खोलवर शिरलेला, दोन्ही तीर नजरेच्या टप्प्यात, गर्जना करणाऱ्या लाटा नाहीत, असे ते पाणी आहे. म्हणून मी त्याला खाडीच म्हणणार आहे.

नवख्या माणसाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की ही वाट मुळात रेल्वेची आहे. प्रॉव्हिडन्स ते ब्रिस्टल हा लोहमार्ग 1855 मध्ये सुरू झाला होता. पुढे गाड्या बंद पडल्या, रूळ निघाले आणि त्याच भरावावर 1987 ते 1992 या काळात टप्प्याटप्प्याने सायकलवाट बांधण्यात आली. रेल्वेच्या इंजिनाला चढ सोसत नाही. शंभर मीटर अंतरात एक-दोन मीटरपेक्षा अधिक उंची चढायची वेळ आली की गाडी ओढणे जड जाते, म्हणून लोहमार्ग बांधणारे टेकडी दिसली की ती कापतात आणि खोलगट जागा दिसली की तिथे भराव घालतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इंजिनासाठी घेतलेल्या त्या कष्टांचे फळ आज आपल्या गुडघ्यांना मिळते. तुम्हाला कल्पना यावी म्हणून सांगते: कोल्हापूर-मिरज मार्गावरील रूळ हातकणंगल्यापर्यंत उचलले, त्या जागी डांबर घातले आणि वळिवडे, रुकडी अशी गावे घेत, पंचगंगेचा पूल ओलांडत तुम्ही सायकलवरून निघालात, तर जेवढे अंतर आणि जेवढा सपाटपणा लाभेल, जवळजवळ तेवढाच तिथे आहे. जोतिबाच्या चढाची भीती मनात असेल तर ती काढून टाका.

मात्र एका ठिकाणी सपाटपणाचा हा नियम मोडतो, आणि दुर्दैवाने ते ठिकाण अगदी आरंभीच आहे. इंडिया पॉइंट पार्कमधून निघाल्यावर वाट वॉशिंग्टन ब्रिज या मोठ्या पुलावर चढते आणि पूल उतरून ईस्ट प्रॉव्हिडन्समध्ये शिरल्यावर पुन्हा थोडे चढउतार लागतात. पहिल्याच दिवशी तिथून सुरुवात केली तर पहिल्या दोन मैलांत धाप लागेल, आणि पुढची सोपी वाट बघण्याआधीच ‘हे आपले काम नव्हे’ असे वाटून तुम्ही परत फिराल. मी तेच केले होते आणि एक संपूर्ण आठवडा सायकलकडे पाहिले नाही. म्हणून माझा आग्रह आहे की मुलीने सायकली मोटारीला अडकवून तुम्हाला थेट रिव्हरसाइड या वस्तीपर्यंत न्यावे आणि तिथून दक्षिणेकडे सुरुवात करावी. इंडिया पॉइंट मात्र वेगळ्या दिवशी पायी जाऊन अवश्य पाहावा. प्रॉव्हिडन्सच्या बंदरातून जी गलबते पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील ‘इंडीज’शी व्यापार करत, त्यांच्यावरून त्या टोकाला हे नाव पडले. आपल्या देशाचे नाव असलेल्या त्या धक्क्यावर उभे राहून खाडीकडे पाहताना मला जे वाटले, ते तुम्हालाही वाटेल याची मला खात्री आहे.

पहिल्या दिवशी रिव्हरसाइड ते बॅरिंग्टन एवढेच करावे. निवांत पायडल मारले तरी फार वेळ लागत नाही. वाटेत हेन्स पार्क हे सरकारी उद्यान लागते. पुढे बॅरिंग्टनमध्ये झाडीच्या सावलीतून जाताना ब्रिकयार्ड पाँड हे तळे दिसते. विटांसाठी माती काढून झालेल्या खाणींत पाणी साठून ते तयार झाले आहे. तिथे थांबावे, पाणी प्यावे, घरून डब्यात आणलेले गूळ-शेंगदाणे खावेत आणि दमण्यापूर्वी परत फिरावे. परतीचा प्रवास तेवढाच असतो, हे नवा माणूस नेहमी विसरतो. दुसऱ्या खेपेस मोटारीने वॉरनपर्यंत जाऊन तिथून ब्रिस्टल गाठावे. हा सहा-सात किलोमीटरांचा टप्पा मला सर्वांत प्रिय आहे. ब्रिस्टलच्या अलीकडे कोल्ट स्टेट पार्क लागते आणि तिथून खाडी हाताच्या अंतरावर येते. उंच खांबांवर काटक्यांची मोठी घरटी दिसली तर ती ऑस्प्रे या मासेमार पक्ष्याची असतात. हाच पक्षी हिवाळ्यात आपल्याकडील मोठ्या जलाशयांवरही येतो आणि आपण त्याला कैकर म्हणतो. दोन्ही टप्पे सवयीचे झाले की मग पूर्ण वाट एका दिवसात करण्याचा विचार करावा.

आता ब्रेकविषयी लिहिते, आणि हा परिच्छेद कृपया दोनदा वाचावा. तुमच्या स्कूटरचा पुढच्या चाकाचा ब्रेक उजव्या हाताला आहे आणि मागचा डाव्या हाताला. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींचेही तसेच असते. अमेरिकेतील सायकलींना मात्र उलट जोडणी असते: डाव्या हाताला पुढचा आणि उजव्या हाताला मागचा. तीस-पस्तीस वर्षांच्या सवयीने तुमचा डावा हात ‘हा मागचा, हा सुरक्षित’ असे समजून जोरात दाबेल आणि पुढचे चाक जागच्या जागी थबकेल. माझ्या बाबतीत हे रस्ता ओलांडण्याच्या एका पाटीपाशी घडले. सायकल थांबली, मी थांबले नाही, आणि तळहाताचे सालटे घेऊनच उठले. म्हणून सायकल हातात आल्यावर प्रथम तिच्यावर बसू नये. ती हाताने ढकलत चालावे, एक एक ब्रेक दाबून कोणते चाक अडते ते पाहावे, आणि दहा मिनिटे केवळ उजव्या हाताने सावकाश थांबण्याचा सराव करावा. काही आरामशीर बसणीच्या सायकलींना हातात ब्रेकच नसतो आणि पायडल उलटे फिरवले की चाक थांबते. पायडल उलटे फिरवून ते हव्या उंचीवर आणण्याची जी सवय आपल्याला असते ती तिथे घात करते, म्हणून पहिल्यांदा तशी सायकल घेऊ नये.

दुसरी सवय बाजूची. तिथे उजव्या बाजूने चालवायचे आणि डावीकडून पुढे जायचे असते. मागून येणारा सायकलस्वार ‘ऑन युअर लेफ्ट’ असे मोठ्याने म्हणतो. त्याचा अर्थ ‘मी तुमच्या डावीकडून पुढे जात आहे, तुम्ही आहात तसेच सरळ चला’ एवढाच आहे. तुम्ही डावीकडे सरकावे असे त्यात काहीही नाही. आपल्याकडे कोणी मागून हाक मारली की आपण मान वळवून बघतो, आणि मान वळली की हँडलही त्याच बाजूला वळते. तेवढे टाळावे. काही बोलू नये, मागे पाहू नये, सरळ चालत राहावे.

वाऱ्याचाही विचार करावा, कारण सपाट वाटेवर वारा हाच चढ असतो. उन्हाळ्यात त्या खाडीवर दुपारनंतर नैऋत्येकडून समुद्राचा वारा सुटतो. वाट उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते. सकाळी वारा पडलेला असताना दक्षिणेकडे गेलात आणि दुपारी परतलात, तर दमलेल्या पायांना पाठीवरच्या वाऱ्याची साथ मिळेल. उलट केले तर तोच वारा समोरून येईल. जूनमध्ये तिथे रात्री आठ वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, त्यामुळे उशीर होण्याची धास्ती नसते.

कोल्हापुरातील तयारीसाठी तुमच्याकडे वेळ आहे. रंकाळ्याभोवतीच्या रस्त्यावर पहाटे, वाहने सुरू होण्यापूर्वी, आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास चालवावी. पहिल्या आठवड्यात अंतर मोजूच नये. केवळ चढणे, उतरणे आणि एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने इशारा करणे एवढेच साधावे. लहानपणी भाड्याच्या उंच सायकलीवर नळीखालून पाय घालून आपण शिकलो, आणि सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असा समज तेव्हापासून आपल्या मनात बसला आहे. तो समजच गुडघे दुखवतो. सीटवर बसून, पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली असता पाय जवळजवळ सरळ व्हावा, एवढी सीटची उंची हवी. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकवायचा असतो. हा एक बदल आपल्या गल्लीतील सायकलच्या दुकानात पान्याने दोन मिनिटांत होतो.

निघण्यापूर्वी मुलीला वाटेची सद्यःस्थिती पाहून ठेवण्यास सांगावे. बॅरिंग्टन आणि वॉरन इथे वाट दोन नद्या ओलांडते. तेथील जुने पूल 2019 मध्ये धोकादायक ठरल्याने बंद करण्यात आले, त्यांच्या जागी नवे पूल बांधण्याचे काम घेण्यात आले आणि त्या काळात सायकलस्वारांना वाहनांच्या रस्त्याकडेने वळसा घालावा लागत असे. असा वळसा असेल त्या दिवशी तो टप्पा तुम्ही करू नये. शिवाय प्रवासी आरोग्य विमा काढल्याशिवाय तिथे सायकलीवर बसू नये, हे मी अगदी आग्रहाने सांगते.

प्रश्न: मी शाहूपुरीत राहते आणि एका बँकेत काम करते. भाऊ वॉरन गावाजवळ राहतो. मे महिन्यात नऊ वर्षांच्या मुलासह त्याच्याकडे जात आहोत. मुलगा सायकल उत्तम चालवतो, पण फार वेगाने. त्याला त्या वाटेवर नेणे सुरक्षित आहे का? भाड्याने सायकल कोणती घ्यावी?

उत्तर: अवश्य न्यावे, पण वाटेवर मोटारी नाहीत म्हणून धोका नाही असे समजू नये. ही वाट गावांतून जाते, त्यामुळे ती ठिकठिकाणी गावातले रस्ते ओलांडते, आणि खरा धोका त्या प्रत्येक ओलांडणीवर आहे. तिथे सायकलींसाठी थांबण्याच्या पाट्या असतात. वेगाने जाणारा मुलगा सरळ वाटेवर कितीही पुढे गेला तरी चालेल, परंतु पाटीपाशी पाय टेकवून त्याने आईची वाट पाहायची आणि दोघांनी मिळूनच रस्ता ओलांडायचा, हा नियम घरून निघतानाच ठरवावा. त्याच्याकडून तो एकदा म्हणवून घ्यावा. माझ्या भाच्याच्या मुलाला आम्ही प्रत्येक पाटीपाशी पोहोचल्यावर घंटी दोनदा वाजवायला सांगितली होती. त्यामुळे तो थांबल्याचे मागूनही कळत असे, आणि त्याला आपल्यावर काही जबाबदारी आहे असे वाटून तो थांबण्यातही रमला.

हेल्मेटबाबत ऱ्होड आयलंडचा कायदा स्पष्ट आहे: 16 वर्षांखालील मुलांना ते सक्तीचे आहे. तुमच्यावर सक्ती नसली तरी तुम्हीही घालावे, कारण मूल आईच्या डोक्याकडे पाहूनच आपले हेल्मेट काढायचे की ठेवायचे ते ठरवते.

सायकल ‘हायब्रिड’ प्रकारची मागावी. तिचे हँडल सरळ असते आणि टायर फार बारीक नसतात. शर्यतीच्या, वाकलेल्या हँडलच्या सायकलीवर नवखा माणूस पाण्याकडे पाहूच शकत नाही, त्याची नजर पुढच्या चाकावरच राहते. आणखी एक गोष्ट. तेथील साध्या सायकलींच्या ट्यूबला बहुधा मोटारीसारखा व्हॉल्व्ह असतो, आपल्याकडील जुन्या सायकलींसारखा नसतो. त्यामुळे इथून पंप नेला असेल तर तो चालेलच असे नाही. पंप आणि जास्तीची ट्यूब दुकानातूनच घ्यावी.

वाटेवर तुम्ही एकट्या नसता. पायी फिरणारे, बाबागाडी ढकलणारे, पट्ट्याला बांधलेली कुत्री, चाकांचे बूट घालून घसरणारी मुले अशा सर्वांची ती वाट आहे. पायी चालणाऱ्यांपाशी वेग कमी करावा आणि त्यांना आधीच आवाज द्यावा. बाबागाडीपाशी तर तिसऱ्यांदा विचार करून पुढे जावे.

प्रश्न: मी शिवाजी पेठेत राहणारा महाविद्यालयीन विद्यार्थी आहे. परदेशातील अशा वाटांविषयी आपण लिहिता ते वाचायला आवडते, पण मनात प्रश्न येतो की पंचगंगेच्या काठाने किंवा कोकणच्या किनाऱ्याने अशी वाट का होत नाही? केवळ पैशाचा प्रश्न आहे का?

उत्तर: तुमच्या प्रश्नामागील तळमळ मलाही आहे, म्हणून ‘पैसा नाही’ असे सोपे उत्तर देऊन मी मोकळी होणार नाही. पैसा हे एक कारण आहेच. पण जमीन आणि पाणी यांचे स्वभाव वेगळे आहेत, आणि ते समजून घेतल्याशिवाय आपल्याला योग्य जागी योग्य वाट मागता येणार नाही.

नॅरॅगॅन्सेटच्या खाडीत पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, पण साधारणतः हा चढउतार चार-पाच फुटांचा असतो. रेल्वेचा भराव त्या पाण्याच्या वर बांधलेला आहे, त्यामुळे वाटेला एरवी भरतीची भीती नसते. आपल्या पंचगंगेची गोष्ट निराळी आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी तिची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, आणि 2019 व 2021 च्या पुरांत पाणी 50 फुटांच्याही पलीकडे गेले, हे तुमच्या पेठेतील लोकांना मी सांगायला नको. नदीच्या अगदी काठाने वाट केली तर ती दर पावसाळ्यात गाळाखाली जाईल. ती पुराच्या वर राहील एवढा भराव घातला तर तोच भराव पुराचे पाणी अडवून शेतात आणि वस्तीत ढकलेल. त्यामुळे पंचगंगेच्या बाबतीत काठापासून मागे सरकून, उंचावरून जाणारी आणि ठिकठिकाणी घाटापर्यंत उतरणारी वाट हीच शहाणपणाची ठरेल, असे माझे मत आहे.

कोकणचे कारण पुन्हा वेगळे. तिथे जांभा दगडाचे सडे, म्हणजे सपाट माथ्याची पठारे, थेट समुद्रापर्यंत येऊन तुटतात आणि दोन सड्यांच्या मध्ये खाडी असते. म्हणून किनाऱ्याचा रस्ता एकसारखा सड्यावर चढतो आणि खाडीकडे उतरतो. रत्नागिरीजवळचा आरे-वारे रस्ता डोळ्यांना कितीही सुंदर वाटला तरी नवख्या सायकलस्वाराच्या पायांचा तो नाही. शिवाय अमेरिकेत सोडून दिलेले लोहमार्ग मोठ्या संख्येने होते, आणि त्यांची जागा विकली जाऊन तुकडे पडण्याऐवजी ती पुढे कधी रेल्वेला लागली तर परत देता येईल अशा अटीवर पायवाट-सायकलवाट म्हणून राखून ठेवण्याची तरतूद तिथे 1983 मध्ये कायद्यानेच झाली. आपला कोल्हापूर-मिरज मार्ग 1891 पासून आजवर गाड्यांनी भरलेला आहे. तो तसाच राहावा, अशीच आपली इच्छा असणार.

तरीही सपाट खाडीकाठाचा अनुभव हवाच असेल तर मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागपर्यंत जावे. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरून तो दहा-बारा किलोमीटरचा रस्ता जातो आणि त्यावर चढ जवळजवळ नाहीच. रस्ता अरुंद असून त्यावर वाहने असतात, म्हणून सुट्टीचे दिवस टाळून सकाळी सात वाजण्यापूर्वी निघावे आणि पर्यटकांच्या गाड्या सुरू होण्याआधी देवबागला चहा घेत बसलेले असावे.

प्रश्न: मी रुईकर कॉलनीत राहतो. पत्नीला ईस्ट बे वाटेवर सायकल चालवायची आहे. माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्याने मला ते शक्य नाही. मी तिच्याबरोबर राहू शकेन असा काही मार्ग आहे का?

उत्तर: आहे, आणि या वाटेचा हाच मोठा गुण आहे की ती गावे सोडून जात नाही. प्रॉव्हिडन्सहून न्यूपोर्टला जाणारी 60 क्रमांकाची सार्वजनिक बस बॅरिंग्टन, वॉरन आणि ब्रिस्टल या गावांमधूनच जाते, आणि तिथल्या बसना पुढच्या बाजूला सायकली ठेवण्याची घडीची चौकट असते. वहिनींनी वॉरनहून ब्रिस्टलकडे सायकलने निघावे आणि आपण बसने पुढे जाऊन धक्क्यावरील इंडिपेंडन्स पार्कमध्ये बाकावर बसावे. वाट तिथेच संपते, त्यामुळे चुकामूक होण्याचा प्रश्नच नाही. त्या दमल्या असतील तर सायकल बसच्या चौकटीत अडकवून दोघांनाही एकत्र परत येता येईल. फक्त बस येण्यापूर्वी सायकलीवरील पाण्याची बाटली आणि पिशवी काढून हातात घ्यावी, आणि चालकाला आपण सायकल चढवत आहोत हे हाताने दाखवून मगच बसच्या समोर जावे.